माणसाची दानत येते कुठून : संस्कारातून की कामाच्या रीतीतून?

मालवण किनारा (धाग्याची सुरुवात)

एखादा माणूस सढळ हाताचा निघाला की आपण त्याच्या आईवडिलांचे नाव घेतो आणि चिकट निघाला की त्याच्या घराण्याला दोष देतो. माझे मत वेगळे आहे. माणूस ज्या कामावर पोट भरतो, त्या कामाची रीतच त्याची दानत घडवते. संस्कार, धर्म आणि सुभाषिते त्या रीतीला मागाहून येऊन चिकटतात.

रापणीचे उदाहरण घ्यावे. होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडायचे आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून ओढून घ्यायची, ही मासेमारी मालवण, आचरा, वेंगुर्ले या पट्ट्यात अजून दिसते. ते जाळे एका घरच्या माणसांना ओढवत नाही. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा, अंगमेहनतीचा वेगळा, आणि वाटेकरी नसूनही ज्याने दोराला हात लावला त्याच्या पदरात चार मासे पडतात. एखाद्या दिवशी तारली आणि बांगडा ढिगाने येतो, एखाद्या दिवशी जाळ्यात नुसता केरकचरा निघतो. उद्या कोणाच्या घरी चूल पेटेल हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे, आज ज्याच्याकडे आहे त्याने देणे हाच सर्वांचा विमा ठरतो. अशा ठिकाणी हात आखडणारा माणूस वाईट ठरण्याआधी मूर्ख ठरतो.

यात केवळ आपल्या किनाऱ्याचे कौतुक नाही. जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 15 लहान समाजांत केलेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2001 मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच्या हाती रक्कम द्यायची. त्याने तिच्यातला काही भाग दुसऱ्याला देऊ करायचा. दुसऱ्याने तो नाकारला तर दोघांनाही काही मिळणार नाही, असा तो खेळ होता, आणि समोरचा कोण हे कोणालाही कळू दिलेले नव्हते. इंडोनेशियातील लामालेरा गावचे लोक होड्यांतून एकत्र जाऊन व्हेल मारतात आणि ठरलेल्या रीतीने तिचे वाटे करतात. त्यांनी सरासरी निम्म्याहून अधिक रक्कम देऊ केली. पेरूमधील माचिगुएंगा लोकांचे बहुतेक काम कुटुंबापुरते चालते. त्यांनी जेमतेम पाव हिस्सा देऊ केला. हा फरक माणसामाणसाच्या वय-लिंगावरून किंवा आर्थिक परिस्थितीवरून उलगडला नाही. एकत्र कामातून होणारा लाभ आणि बाजाराशी असलेला संबंध, या दोन गोष्टींवरून मात्र तो बराचसा उलगडला.

म्हणून रापण बंद पडली तर दानतही ओसरेल, आणि शाळेत मूल्यशिक्षणाचा तास वाढवून ती परत येणार नाही, असे मला वाटते.

गुहागरची शिक्षिका

मूल्यशिक्षणाच्या तासावर माझा संसार चालला आहे, त्यामुळे माझ्या उत्तरात थोडा स्वार्थ आहे असे समजून वाचावे.

आपण ज्याला दानत म्हणता तो, आपल्याच शब्दांत, विमा आहे. उद्या मला मिळावे म्हणून मी आज देणे हा चांगला व्यवहार झाला. त्याला दानत कशाला म्हणायचे? गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची अटच अशी आहे की ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाही त्याला ते द्यावे. रापणीतल्या वाटपाला ही कसोटी लावली तर ते तिथेच अडते.

दुसरे असे की पोट भरण्याचे काम अजून सुरूही झालेले नसते त्या वयात ही प्रवृत्ती दिसते. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दीड वर्षाची मुले, अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू कोणी न सांगता आणि कोणतेही बक्षीस नसताना उचलून देत होती. त्या मुलांनी कोणता दोर ओढला होता? बीज जन्मतःच असते. पुढे ते टिकते की वाळते हे शिकवणुकीवर ठरते.

शिकवणूक कामाच्या सीमा कशी ओलांडते हे पाहायचे असेल तर आमच्या शेजारच्या कोकणी मुसलमान घरांत पाहावे. निसाबच्या, म्हणजे ठरलेल्या किमान मर्यादेच्या, वर असलेली संपत्ती चांद्र वर्षभर राहिली तर तिच्यावर अडीच टक्के जकात, म्हणजे धर्माने बंधनकारक केलेले दान. जहाजावर खलाशी असलेला, आखातातून परतलेला आणि इथे दुकान चालवणारा, तिघांचे काम निराळे असूनही दर एकच. आधी कर्तव्य म्हणून दिले जाते, आणि देता देता माणूस देणारा होतो. हा क्रम उलटा धरणे मला पटत नाही.

मुलुंडचा चाकरमानी

दोन्ही बाजू फार उंचावरून बोलत आहेत. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी मुंबईत वर्गणीची सभा भरते तेव्हा अर्धा वेळ संगमरवरी पाटीवर कोणाचे नाव कोणत्या ओळीत येणार यातच जातो. गुप्तदानाची पावती फाडणारेही असतात, पण तो गुप्त दाता कोण हे गणपतीपर्यंत साऱ्या वाडीला कळलेले असते. देण्यामागे लोकांच्या नजरेचा मोठा भाग आहे, आणि त्यात मला वावगे काही दिसत नाही, कारण शाळेचे छप्पर त्या नजरेनेच झाले.

महाडकर

वरच्या तिन्ही मतांत दानत कमी असते किंवा जास्त असते एवढेच धरले आहे. ती कोणापाशी येऊन थांबते हा प्रश्न कोणी विचारलेला नाही, आणि महाडात राहून तो टाळता येत नाही.

उन्हाळ्यात पाणपोई घालणे हे पुण्य मानणाऱ्या समाजाने चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांना नाकारले होते. जनावरांना तिथे मज्जाव नव्हता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 मध्ये मंजूर झाला, महाड नगरपालिकेनेही पुढे तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला, तरी पाण्याला हात लावायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक पाणी प्यायले, त्यानंतर तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली, नगरपालिकेने ठराव मागे घेतला, आणि उच्च न्यायालयाचा अस्पृश्यांच्या बाजूने निकाल यायला 1937 साल लागले. शिक्षिका ताईंनी सांगितलेली शिकवणूक या सर्व काळात घरोघरी चालूच होती.

खोतांचेही, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांचेही, तेच. पावसाळ्यात कुळाच्या घरातले धान्य संपले की भात देणारा खोत दयाळू म्हणवला जाई आणि तेच भात पिकाच्या वेळी दीडीने, म्हणजे दीडपट करून, परत घेई. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 पासून 1939 पर्यंत जमिनी कसायचे नाकारले, ते दया कमी पडली म्हणून नव्हे. त्यांना स्वतःच्या घामाचा हिस्सा हवा होता. खोती रद्द करणारा कायदा 1949 मध्ये आला.

आता भागोजीशेठ कीर पाहावेत. रत्नागिरीच्या गरीब भंडारी घरातून येऊन ते मुंबईत ठेकेदारीत वर आले. 1931 मध्ये सर्व जातींसाठी उघडलेले रत्नागिरीचे पतितपावन मंदिर त्यांच्याच पैशातून उभे राहिले. देवळात ज्यांना मागे थांबवले जाई अशा समाजातून आलेल्या माणसाने ते बांधले, हा मला योगायोग वाटत नाही. दाराबाहेर उभे राहण्याचा अनुभव हा दानतीचा एक उगम आहे, आणि तो कामाच्या रीतीतही सापडत नाही आणि पाठांतरातही सापडत नाही.

वाशिष्ठीकाठ

22 जुलै 2021 रोजी चिपळूण पाण्याखाली गेले, त्यानंतर घाटावरून आणि मुंबईहून गाड्या आल्या. आणणाऱ्यांचा आमच्याशी कामाचा संबंध नव्हता, त्यांची नावे कोणत्या पाटीवर लागली नाहीत, आणि गाळ उपसणाऱ्याने घरमालकाची जात विचारलेली मी तरी ऐकली नाही. हे कोणत्या सिद्धान्तात बसवायचे?

मालवण किनारा

संकटातील मदत मी नाकारत नाही, पण ती किती दिवस टिकते हेही पाहावे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, दिवेआगर ते हर्णैपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून धरायला निदान पाच वर्षे लागतात; शिधा घेऊन आलेल्या गाड्या काही आठवड्यांत थांबल्या, आणि जुन्या कपड्यांचे ढीग तर कोणाला नकोच होते. हळहळ जशी आली तशी गेली. रीत मात्र रोज उभी असते, म्हणून मी तिला उगम म्हणतो. तिला विमा म्हटल्याने ती हलकी होत नाही, कारण दोराला हात लावणाऱ्या म्हाताऱ्याकडून परतफेड येणार नाही हे ठाऊक असूनही त्याला मासे दिले जातात. महाडकरांचे उदाहरण तर मला माझ्याच बाजूचे वाटते. जिथे काम एकत्र नाही, तिथे देणेही पोहोचत नाही.

महाडकर

काम एकत्र नव्हते असे कसे म्हणता? सांगावा पोहोचवणे, मेलेली गुरे ओढणे, गावाची सीमा दाखवणे, हे सर्व महार समाजाकडेच होते आणि त्याबद्दल धान्याचा वाटाही ठरलेला होता. गावाच्या कामात ते पुरते होते. वाटा ठरवण्यात मात्र त्यांना जागा नव्हती. रापणीत वाटे पाडायला कोण बसतो, आणि चार मासे मिळालेल्या माणसाला पाचवा मागता येतो का, एवढे सांगावे.

मालवण किनारा

वाटे पाडायला वाटेकरीच बसतात. बाहेरून येऊन हात लावणारा त्यांत नसतो, आणि त्याला किती द्यायचे हे त्या दिवशीच्या मासळीवर आणि वाटणाऱ्याच्या मर्जीवर ठरते. पाचवा मागितला तर बहुधा देतात; हक्काने मागायची पद्धत नाही. तरीही त्या चार माशांना मी खोताच्या भाताच्या रांगेत बसवणार नाही, कारण ते दीडीने परत मागायला कोणी येत नाही.