विषय: महाप्रसादाची यादी उघडते, पण सेव्ह होत नाही

प्रेषक: स्वयंपाक समिती

सर्वांना नमस्कार,
मंडळाच्या खोलीतल्या संगणकावर, सामायिक फोल्डरात गणपतीच्या महाप्रसादाची यादी आहे. खजिनदार काकांनी केलेली. मला ती उघडते, पण वर 'फक्त वाचनासाठी' असं येतं नि काही बदलू देत नाही. गंमत म्हणजे त्याच फोल्डरात मी नवी फाइल केली तर ती बिनबोभाट होते. म्हणून मी माझी वेगळी यादी केली. आता काकांच्या यादीत उकडीचे मोदक चाळीस, माझ्या यादीत दीडशे. कोणीतरी बघा हो, नाहीतर आमटी तीन घरांत शिजेल आणि भात कुणाकडेच नाही.

प्रेषक: खजिनदार

वहिनी, मागे असंच झालं तेव्हा मी सगळ्यांना सगळी मुभा देऊन टाकली होती, ते ७७७ का काय ते आकडे टाकून. दोन दिवस बरं चाललं, मग पहिले पाढे पंचावन्न. काल संगणक बंद करून परत सुरू केला. ढिम्म.

प्रेषक: संगणक बघणारा

काका, ७७७ परत नको, हात जोडतो. त्याच फोल्डरात वर्गणीचा हिशेब आहे. शिवाय ती मुभा तेव्हा असलेल्या फाइलींनाच मिळाली, नंतरच्या फाइली जुन्याच नियमाने होत राहिल्या.

आपला संगणक लिनक्सवर आहे आणि फोल्डर सांबातून, म्हणजे लिनक्सवरचे फोल्डर विंडोजवाल्यांना वापरू देणाऱ्या प्रोग्रामातून, वाटलाय. म्हणजे दारं दोन: बाहेरचं सांबाचं, आतलं लिनक्सच्या फाइल-परवानग्यांचं. सांबा मुळात वाटलेला प्रत्येक फोल्डर वाचण्यापुरताच धरतो, पण आपल्याकडे लिहिण्याची परवानगी दिलेली आहे. नाहीतर वहिनींची नवी फाइल झालीच नसती. अडत होतं आतल्या दाराशी. 'क्रिएट मास्क', म्हणजे नव्या फाइलीला जास्तीत जास्त कोणत्या परवानग्या मिळतील ते ठरवणारा आकडा, आपण सांबाच्या मांडणीत कधी लिहिलाच नव्हता, आणि न लिहिल्यास तो ०७४४ असतो. शेवटचे तीन आकडे अनुक्रमे मालक, गट आणि इतर यांचे. ४ म्हणजे वाचा, २ म्हणजे लिहा, १ म्हणजे चालवा, आणि यांची बेरीज करायची: ६ म्हणजे वाचा-लिहा, ७ म्हणजे तिन्ही. थोडक्यात, ज्याने फाइल केली त्यानेच ती बदलायची. त्यात यादीचा गटही मंडळाचा नव्हता, काकांच्याच नावाचा होता.

रात्री 'फोर्स ग्रुप'मध्ये मंडळाचा गट घातला, म्हणजे नव्या फाइली त्याच गटाच्या होतील. क्रिएट मास्क ०६६० आणि नव्या फोल्डरांसाठीचा डिरेक्टरी मास्क ०७७० केला. इतरांना शून्य, ते मुद्दाम. मास्क मागे जाऊन काही सुधारत नाही, त्यामुळे जुन्या फाइलींचा गट आणि परवानग्या हाताने बदलल्या. सांबाची मांडणी तपासणारं टेस्टपार्म चालवून पाहिलं, चूक नाही. तुम्ही सगळे विंडोजमधून एकदा साइन आउट करून परत या, कारण आधीची जोडणी आधीच्याच गटावर चालू राहते.

एक विचित्र गोष्ट सांगतो. वहिनींना त्या यादीत एक मोदक वाढवता येत नव्हता, पण अख्खी यादी पुसता आली असती. लिनक्समध्ये फाइल पुसायला फोल्डरची परवानगी लागते, फाइलची नाही. म्हणून आधी सगळ्याची प्रत काढली, मगच हात लावला.

प्रेषक: स्वयंपाक समिती

झालं! काकांच्याच यादीत दीडशे लिहिले आणि सेव्ह झाले. माझी वेगळी यादी काढून टाकलीय, आता ही एकच धरा. आमटी अजून तीन नावांपुढे आहे, ती मी फोन करून मिटवते. भाताला कोण?