बास्केटबॉल: ड्राइव्हवर धडक झाली की चार्ज (आक्रमकाचा फाउल) द्यायचा की ब्लॉक (डिफेंडरचा फाउल)? (सिमेंटचं कोर्ट, दोन पंच)

शिट्टी_पाचोरा

राम राम मंडळी. मे महिन्यातल्या उन्हाळी स्पर्धेत १७ वर्षांखालच्या मुलांचे सामने घ्यायचे आहेत. कोर्ट उघड्यावरचं, सिमेंटचं. पंच दोनच. नियम वाचून झालेत, पण एका जागी गाडी अडते. मुलगा ड्राइव्ह करत रिंगकडे घुसतो, ले-अपला (रिंगजवळून शॉट मारायला) उडतो, मदतीला धावलेला डिफेंडर आडवा येतो आणि दोघं खाली. दोन्ही बेंच एकदम उभे. डिफेंडर उभा होता की हलत होता, एवढंच बघायचं का? शिवाय आमच्या कोर्टवर रिंगखालचं अर्धवर्तुळ (त्यात पाय असलेल्या डिफेंडरला चार्ज मिळत नाही) आखलेलंच नाही. मग तो नियम लावायचा की सोडायचा?

लळिंग_धुळे

‘उभा होता की हलत होता’ हे आधी डोक्यातून काढा, भाऊ. चुकीचे ब्लॉक बहुतेक तिथूनच निघतात. डिफेंडरने पुतळ्यासारखं उभं राहावं असं फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमात कुठंही नाही. त्याने आधी रीतसर जागा घेतलेली असावी, म्हणजे तोंड समोरच्याकडे आणि दोन्ही पाय जमिनीवर. एवढं झालं की तो बाजूला सरकू शकतो, मागे हटू शकतो, जागेवरून सरळ वर उडू शकतो, छातीवर येणारा मार सोसण्यासाठी अंग वळवूही शकतो. पुढे सरकून अंगावर गेला, किंवा हात, गुडघा, कंबर बाजूला काढून वाट अडवली, तर फाउल त्याचा.

चेंडू हातात असलेल्या खेळाडूसमोर डिफेंडर अगदी ऐनवेळी आणि कितीही जवळ येऊ शकतो. तिथे वेळ आणि अंतर मोजायचं नसतं. चेंडू नसलेल्या खेळाडूला मात्र थांबायला किंवा दिशा बदलायला एक ते दोन पावलांची जागा मिळालीच पाहिजे.

आता तुमचा खरा प्रश्न, उडालेल्या मुलाचा. निकाल लागतो त्याचा शेवटचा पाय जमिनीवरून सुटतो त्या क्षणी. तेव्हा डिफेंडर त्या वाटेवर जागा घेऊन होता का? होता आणि धडक त्याच्या छातीवर-पोटावर बसली, तर चार्ज. पाय सुटल्यावर तो आत सरकला, तर ब्लॉक, मग पुढे तो कितीही दगडासारखा उभा राहिलेला दिसो. धडक डिफेंडरच्या खांद्याच्या कडेला किंवा मांडीला बसली असेल तर समजा की तो उशिरा पोचला आणि चेंडूवाल्याचं डोकं-खांदा आधीच पुढे निघून गेला होता.

म्हणून चेंडूकडे बघत बसू नका. चेंडू बघणाऱ्या पंचाला धडक दिसते, धडकेआधीचं काही दिसत नाही. डोळे डिफेंडरवर, आधी पायांवर आणि मग छातीवर.

केळीपट्टा_रावेर

अर्धवर्तुळाचा नियम सोडायचा नाही, ते आखून घ्यायचं. अर्ध्या तासाचं काम आहे.

बेसलाइनपासून (रिंगमागच्या रेषेपासून) मोजायला जाऊ नका. कागदावर रिंगचा मध्य बेसलाइनच्या आतल्या कडेपासून १.५७५ मीटरवर असतो, पण आपल्याकडे शाळांच्या मैदानावर खांब कुठेही रोवलेले असतात आणि बोर्ड पुढेमागे झालेला असतो. रिंगवर दोन सुतळ्या आडव्या-उभ्या ताणून बांधा, त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथून ओळंबा सोडा. वारा असेल तर ओळंबा थांबेपर्यंत वाट बघा. तो टेकला तिथे खूण करा. त्या खुणेवरून १.२५ मीटर दोरीने अर्धगोल काढा. ही रेषेची आतली कड. ५ सेंमी जाडीची पट्टी तिच्या बाहेरून येते. दोन्ही टोकांपासून बेसलाइनकडे ३७.५ सेंमीच्या सरळ रेषा ओढल्या की त्या बरोबर बोर्डाच्या पुढच्या कडेखाली थांबतात. बोर्ड पुढेमागे असेल तर बोर्डाची कड खरी धरा. चुन्याची भुकटी टाकू नका, बुटाखाली आली की पाय सरकतो. ऑइलपेंट उत्तम, नाहीतर चिकटपट्टी.

नियम लावताना तीन गोष्टी पक्क्या ठेवा. रेषा अर्धवर्तुळातच धरली जाते, म्हणजे डिफेंडरची टाच रेषेला लागलेली असली तरी तो आत. अर्धवर्तुळाचं हे संरक्षण चेंडू घेऊन हवेत असलेल्या आणि शॉट किंवा पास करणाऱ्यालाच आहे, पोस्टमध्ये (रिंगजवळ) पाठ लावून ढकलत येणाऱ्याला नाही. हवेतल्यानेही हाताने ढकललं किंवा गुडघा काढला, तर डिफेंडरचा पाय आत असूनही फाउल आक्रमकाचाच.

आणि सगळ्यात जास्त चुकतं ते हे: डिफेंडरचा पाय आत आहे म्हणून आपोआप ब्लॉक होत नाही. चार्ज मिळत नाही एवढाच त्याचा अर्थ. डिफेंडर आत राहून सरळ वर उडाला, हात उभे ठेवले आणि अंग भिडलं, तर शिट्टीच नको, खेळ चालू द्या.

तापीकाठ_भुसावळ

नियम वरच्या दोघांनी सांगितलाच. दोन पंचांत कोण काय बघणार हे सामन्याआधी ठरलं नाही तर तो कळूनही उपयोग नाही.

चेंडूवाल्यासोबत येणारा पहिला डिफेंडर ट्रेलचा (खेळाच्या मागून येणाऱ्या पंचाचा). मदतीला येणारा दुसरा डिफेंडर लीडचा (पुढे बेसलाइनवर असलेल्या पंचाचा). ड्राइव्ह सुरू झाली की लीडने चेंडूवरून नजर काढून पेंटमध्ये (रिंगसमोरच्या आखीव चौकटीत) कोण सरकतंय ते हेरायचं, म्हणजे त्याची जागा केव्हा झाली हे धडकेआधीच कळतं. लीडने बेसलाइनच्या बाहेर, चेंडूवाला आणि डिफेंडर यांच्यातली फट दिसेल अशा कोनात थांबायचं. थेट रिंगखाली किंवा डिफेंडरच्या पाठीमागे उभं राहिलं की फट दिसत नाही. निर्णयाच्या क्षणी पाय थांबलेले हवेत, धावताना नजर हलते.

दोघांची शिट्टी एकदम वाजली तर दोघांनीही फक्त मूठ वर करायची आणि एकमेकांकडे बघायचं. कमरेवर हात (ब्लॉक) किंवा मूठ तळहातावर (चार्ज) ही खूण लगेच द्यायची नाही. एकाने ब्लॉक आणि दुसऱ्याने चार्ज दाखवला की सामना हातातून जातो. दुसऱ्या डिफेंडरचा मामला असेल तर लीड घेईल, ट्रेल मूठ खाली घेईल.

शिट्टी थोडी उशिरा वाजली तरी चालते. धडक, पडणं, चेंडू कुठे गेला, एवढं बघूनच वाजवा.

संध्याकाळचे सामने असतील आणि कोर्ट पूर्व-पश्चिम असेल, तर पूर्वेच्या बेसलाइनवरच्या लीडच्या डोळ्यांत थेट मावळतीचं ऊन येतं. टोपीचा उपयोग नाही. कोन बदलून बाजूला सरका, आणि त्या टोकाला ट्रेलने दोन पावलं जास्त आत यावं असं आधीच बोलून ठेवा. क्वार्टर संपला की पेंट झाडून घ्यायला लावा. सिमेंटवरच्या काळ्या मातीने पाय घसरतो आणि घसरलेला मुलगा धडकलेल्यासारखा दिसतो. चेंडू धरून पडला आणि घसरत गेला तर ट्रॅव्हलिंग (चेंडू धरून बेकायदा सरकणं) नाही. चेंडू धरूनच लोळला किंवा उठायला लागला तर आहे.

शिट्टी_पाचोरा

लई उपकार, भो! ऑइलपेंट आणि सुतळी उद्याच आणतो. एक राहिलं: चार्ज दिला आणि बॉल रिंगमध्ये गेला, तर बास्केट धरायची का? आणि टीम फाउल (एका क्वार्टरमधले संघाचे एकूण फाउल) पाच झाल्यावर फ्री थ्रो?

लळिंग_धुळे

धडकेआधी बॉल हातातून सुटला होता तर बास्केट धरायची. हातात असताना धडकला तर रद्द. म्हणून धडकेच्या वेळी बॉल कुठे होता हे दोघांपैकी एकाला सांगता आलं पाहिजे.

फ्री थ्रोचं असं. क्वार्टरमध्ये चार टीम फाउल झाले की पुढच्या साध्या फाउलवरही दोन फ्री थ्रो, पण ज्या संघाच्या ताब्यात बॉल आहे त्याच संघाने फाउल केला तर फ्री थ्रो नाहीत, समोरच्याला साइडने किंवा बेसलाइनने बॉल. टेबलवरची मुलं इथे गडबडतात. फ्री थ्रो नाही म्हणजे फाउलच नाही असं समजून शीटवर काहीच लिहीत नाहीत. तो फाउल खेळाडूच्या नावावर चढतो आणि टीम फाउलमध्येही मोजला जातो. टेबलसमोर थांबून नंबर, फाउलची खूण, मग दिशा, या क्रमाने सावकाश दाखवा आणि स्कोअररने मान हलवल्यावरच बॉल आत द्या.