ओवी सात महिन्यांची, नोकरी फोर्टात: दूध तोडू की राजीनामा देऊ?

ओवीची आई, डोंबिवली
रुजू होऊन तीन आठवडे झाले. नववा महिना भरेपर्यंत कामावर जात होते, म्हणून 26 आठवड्यांची रजा जवळजवळ सगळी ओवीसोबत मिळाली. आता पावणेआठच्या सुमाराची फास्ट पकडते, घरी यायला साडेसात वाजतात. ती पाळणाघरात मऊ खिचडी, नाचणीचं सत्त्व खाते, पण बाटलीला तोंडच लावत नाही. मग रात्रभर अंगावर पिते.

दुपारपर्यंत छाती दगडासारखी होते. जुन्या फायलींच्या खोलीत दाराला खुर्ची लावून दूध काढते. परवा कुणीतरी दार ढकललं, खुर्ची सरकली आणि बाटली कलंडली. साठेक मिली दूध फरशीवर. रुमालाने पुसताना रडू आवरेना. वर साहेब विचारतात, ‘दोनदा वीस-वीस मिनिटं कुठे जाता?’

सासूबाईंचे गुडघे दुखतात, दिवसभर बाळामागे धावणं त्यांना जमत नाही. त्या म्हणतात, दोन वर्षं घरी राहा. पण आठ वर्षं केलेलं हे काम मला मनापासून आवडतं. घराचा हप्ताही आहे. काय करू?

नाशिककर
राजीनाम्याचं नाव काढू नकोस. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीखेरीज दोन वेळा दूध पाजायला वेळ मिळणं हा कायद्याने हक्क आहे. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोयही करावी लागते, 2017 च्या दुरुस्तीपासून. तोंडी बोलू नकोस. एचआरला मेल टाक, साहेबांना सीसी कर, दोन्ही वेळा लिही आणि त्या दाराला आतून कडी माग.

पाळणाघरवाली काकू, ठाणे
अगं, बाटलीचा हट्ट सोड, बोंडलं आण, बाळाला दूध पाजायची चोचीची छोटी वाटी. बाळाला मांडीवर बसतं धरायचं, बोंडल्याची चोच खालच्या ओठाला टेकवायची आणि थांबायचं. ती स्वतःच जीभ पुढे करते. घशात ओतायचं नाही. पण हे तू समोर नसताना पाळणाघरातल्या मावशींना करू दे, तुझा वास आला की ती अंगावरच मागणार. तुझा वापरलेला गाऊन मात्र मावशींकडे ठेव, झोपवताना उपयोगी पडतो.

काढलेलं दूध बाहेर चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. आपल्या उकाड्यात चार तासांवर विसंबू नकोस, काढलं की लगेच बर्फाच्या पिशवीत. देताना वाटी कोमट पाण्यात ठेवायची, गॅसवर नाही.

दोन मुलांची आई, पुणे
यात ओवीचे बाबा कुठे दिसले नाहीत. आमच्याकडे सकाळची आंघोळ आणि पाळणाघरात सोडणं ह्यांच्याकडे होतं. त्या पाऊण तासात मी बसून जेवायचे. उपाशीपोटी दूध कुठून येणार?

ओवीची आई, डोंबिवली
मेल पाठवला. कडी कालच बसली, वेळांबद्दल अजून उत्तर नाही. सोमवारपासून ओवीला हे सोडतायत. बोंडलं आईच्या माळ्यावर सापडलं, माझंच, चांदीचं. काकू, आज मावशींचा फोन आला: चाळीस मिली प्यायली.