वाळूची ऊब आणि कासवाची पिल्ले
रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावरची कासवांची अंडी संरक्षणासाठी कुंपणाच्या आतील खड्ड्यांत हलवल्याने पिल्लांमध्ये काहीच फरक पडत नाही, असे एका प्रतिसादात वाचले. त्यात एक महत्त्वाची भर घालावीशी वाटते. तिथे अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांत नर-मादी ठरवणारी वेगळी गुणसूत्रे नसतात. अंडी उबण्यास साधारण ४५ ते ६० दिवस लागतात आणि त्यांतील मधल्या एक-तृतीयांश काळात वाळू किती तापली, यावर पिल्लाचे लिंग ठरते. सुमारे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही निपजतात, त्याहून गार वाळूत नर अधिक आणि उष्ण वाळूत माद्या अधिक.

म्हणूनच नवा खड्डा मूळ घरट्याच्याच खोलीचा, म्हणजे सुमारे दीड फुटाचा, आणि तळाशी मडक्यासारखा फुगीर असावा लागतो, कारण उथळ खड्ड्यातली वाळू दुपारच्या उन्हात लवकर तापते. दुसरी दक्षता अंडे उचलतानाची. घातल्यानंतर काही तासांतच गर्भ कवचाच्या आतील पटलाला वरच्या बाजूने चिकटतो, त्यामुळे त्यानंतर अंडे उलटे झाले तर गर्भ दगावू शकतो. पिंगपाँगच्या चेंडूसारखी ती मऊ अंडी भल्या पहाटे, वरची बाजू वरच ठेवून हलवणाऱ्या गावकऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.