वर्गात प्रोजेक्टर आला. तो नेमका केव्हा सुरू करावा?

प्रश्न : गणित शिक्षिका, सोलापूर शहर

नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला गणित शिकवते. वर्गात साठच्या आसपास मुले असून त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते. यंदा देणगीतून वर्गात प्रोजेक्टर बसला. त्रिकोणाचे शिरोलंब (शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूवर टाकलेले लंब) आणि मध्यगा या प्रकरणावरची चित्रफीत लावली की वर्ग शांत होतो आणि मुले माना डोलावतात. परंतु दुसऱ्या दिवशी वहीत विशालकोन त्रिकोण काढून त्याचे तिन्ही शिरोलंब काढायला सांगितले, तर बहुतेक मुले ओढूनताणून लंब त्रिकोणाच्या आतच पाडतात, आणि पाया वाढवावा लागतो हे त्यांना सुचतच नाही. प्रोजेक्टर बंद ठेवावा असे मला वाटत नाही. तो कोणत्या घटकाला वापरावा आणि मुले नुसती प्रेक्षक राहू नयेत म्हणून तासाची आखणी कशी करावी, हे अनुभवी शिक्षकांकडून समजून घ्यायचे आहे.

उत्तर १ : गणित शिक्षक, बार्शी

बाई, तुम्ही निवडलेले उदाहरणच या प्रश्नाचे मर्म सांगते. चित्रफितीत त्रिकोण दुसऱ्याने काढलेला असतो आणि लंबही दुसऱ्यानेच टाकलेला असतो. मुलाला कुठेही निर्णय घ्यावा लागत नाही. चित्रफितीऐवजी जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या हलवून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरून पाहा. ते विनामूल्य आहे आणि संगणकावर एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालते.

मात्र तास प्रोजेक्टरने सुरू करू नका. आधी प्रत्येकाने गुण्या घेऊन वहीत लघुकोन त्रिकोण काढावा, त्याचे तिन्ही शिरोलंब टाकावेत आणि ते एकाच बिंदूत, म्हणजे लंबसंपातात, मिळतात हे स्वतःच्या हाताने पाहावे. त्यानंतर विचारा : पाया तसाच ठेवून वरचा शिरोबिंदू पायाला समांतर असा उजवीकडे सरकवत नेला, तर लंबसंपात कुठे जाईल? उत्तर पेनाने लिहायला लावा, म्हणजे नंतर खोडता येणार नाही. सगळ्यांचे लिहून झाले की मगच पडदा उजळू द्या आणि माऊस शेवटच्या बाकावरच्या मुलाच्या हाती द्या. शिरोबिंदू पायाच्या उजव्या टोकाच्या बरोबर वर आला की लंबसंपात त्या टोकावर जाऊन बसतो. आणखी पुढे सरकवला की तो पायाच्या रेषेखाली उतरतो, आणि त्याच क्षणी वरून टाकलेल्या लंबाचा पाय त्रिकोणाची बाजू सोडून वाढवलेल्या रेषेवर पडलेला दिसतो. पाया का वाढवावा लागतो, हे इथे मुले तुम्हालाच समजावून सांगू लागतील. फळ्यावर ही सरक दाखवायला दहा आकृत्या काढाव्या लागल्या असत्या, म्हणून प्रोजेक्टर इथे शोभतो. शून्य घातांकाचा नियम किंवा विस्तारसूत्रे शिकवताना मात्र फळा आणि खडूच बरा, कारण तिथे पायरीमागून पायरी मुलाच्या डोळ्यांसमोर लिहिली जाण्यालाच महत्त्व असते.

लंबसंपाताची वाट उमटवण्याची सोय सुरू ठेवली, तर बिंदू जाईल तिथे एक सुंदर वक्र तयार होतो. आठवीला त्याचे नाव सांगण्याची गरज नाही, पण जिज्ञासू मुलांना तो अवश्य पाहू द्या.

उत्तर २ : विज्ञान शिक्षिका, मोहोळ

वरील सरांशी मी पूर्ण सहमत आहे. विज्ञानातही क्रम हाच ठेवावा लागतो. विद्युत परिपथ शिकवताना मी आधी सेल, तारा आणि छोटा बल्ब मुलांच्या हातात देते आणि त्यानंतरच कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातील परिपथाचे संगणकीय अनुकरण दाखवते. बल्ब पेटतो हे टेबलावर दिसते. परंतु एकसर जोडणीत बल्बच्या अलीकडे आणि पलीकडे विद्युतधारा सारखीच असते हे डोळ्यांना दिसत नाही, आणि धारा बल्बमध्ये ‘संपते’ अशी मुलांची घट्ट समजूत असते. पडद्यावर सरकणारे इलेक्ट्रॉन ती समजूत हलवतात.

साठ मुलांपैकी कोणाला समजले हे जाणण्यासाठी प्लिकर्सची कार्डे छापून घ्या. मुलांकडे मोबाईल असण्याची गरज नसते. प्रत्येकाकडे कागदाचे एक कार्ड असते, मूल आपल्या उत्तराची बाजू वर धरते आणि शिक्षक आपल्या मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो. कार्डावरची अक्षरे बारीक असल्याने शेजाऱ्याचे पाहून उत्तर देणे अवघड जाते, आणि एरवी कधीच हात वर न करणाऱ्या मुलीचे उत्तरही कळते. उत्तरे विभागली गेली, तर बरोबर कोणते ते लगेच सांगू नका. शेजाऱ्याशी दोन मिनिटे, हवी तर तेलुगूतून, वाद घालू द्या आणि पुन्हा कार्डे वर करायला सांगा.

उत्तर ३ : निवृत्त मुख्याध्यापक, अक्कलकोट

भाषेचा मुद्दा निघाला म्हणून लिहितो. आमच्या सीमाभागात कन्नड घरांतील मुले मराठी पुस्तकासमोर अडखळताना मी वर्षानुवर्षे पाहिली आहेत. आपल्याच जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा चर्चा पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडचीच अधिक झाली. मला त्यांच्या कामात अधिक मोलाचे वाटते ते हे, की मुलांना न कळणारा मजकूर त्यांनी त्यांच्या घरच्या भाषेत आणला आणि कोडमार्फत कविता, गोष्टी, पाठ पुन्हा पुन्हा ऐकण्याची सोय केली. बाई, तुमच्या वर्गातील एखाद्या चुणचुणीत मुलीकडून ‘शिरोलंब म्हणजे काय’ हे तेलुगूत एक-दोन मिनिटे बोलून घ्या आणि ते ध्वनिमुद्रण वर्गातच ऐकवा. घरी ऐकण्याची सक्ती करू नका. अनेक घरांत एकच मोबाईल असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षण अहवालानेही तंत्रज्ञान वापरताना ते सर्व मुलांना समन्यायाने मिळते का, हे तपासायला सांगितले आहे.

प्रश्नकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. सोमवारी गुण्या आणि वहीनेच सुरुवात करीन. एक व्यवहाराची अडचण उरते : सकाळच्या शाळेत खिडकीतून येणाऱ्या उन्हामुळे भिंतीवरच्या रेषा पुसट दिसतात. सगळ्या खिडक्या बंद केल्या, तर मार्चमध्ये मुलांचा जीव कासावीस होतो.

उत्तर : गणित शिक्षक, बार्शी

पडद्यालगतच्या एकाच खिडकीवर जाड सोलापुरी चादर टाका आणि बाकीच्या उघड्या ठेवा. जिओजेब्रामध्ये रेषांची जाडी वाढवा, पार्श्वभूमी पांढरीच ठेवा आणि तिन्ही शिरोलंबांना गडद, वेगवेगळे रंग द्या. पडद्यासमोरचा भाग दहा-पंधरा मिनिटांपेक्षा लांबवू नका. मधेच वीज गेली तर वहीतली आकृती हाताशी असतेच, आणि पुढचा त्रिकोण त्याच पानावर काढायला सांगता येतो.