मदत हवी आहे: केसांना बेबी ऑइल चोपडलं, आता निघेना!

मैत्रिणींनो, बारशाला आलेल्या बेबी ऑइलच्या ३ बाटल्या घरात पडून आहेत. सासूबाई बाळाला खोबरेलानेच मालिश करतात. इकडे बोअरच्या पाण्याने माझे केस नुसते काथ्यासारखे झालेत. म्हटलं, तेल वाया कशाला घालवा?

रविवारी चांगलं अर्धी वाटी घेऊन मुळापासून चोपडलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी दोनदा शाम्पू केला तरी केस टाळूला चप्प चिकटलेले, कंगव्याच्या दातांत तेलकट थर, उशीच्या अभ्र्यावर हा मोठा डाग. नवरा विचारतो, "पावसात भिजलीस का?"

मग बाटलीमागची बारीक अक्षरं वाचली (आधी वाचायला हवी होती, माहितीये). मिनरल ऑइल आणि सुगंध, बस्स! खोबरेल केसात थोडंफार मुरतं, हे मात्र वरच बसतं. म्हणजे ओलावा देत नाही, असलेला धरून ठेवतं. मग न्हाल्यावर ओलसर केसांच्या टोकांना दोन-तीन थेंबच लावले तर? कुणी करून पाहिलंय?

आणि आत्ताचं हे कसं काढू? सासूबाई म्हणतात बेसन लाव, पण ते केसांत अडकून बसतं आणि अंगाला भज्यांचा वास. शिकेकाई-रिठ्याने निघेल? की कोरड्या केसांवरच शाम्पू चोळून मग पाणी घालू? बाळंतपणानंतर आधीच केस गळतायत, फार घासायची भीती वाटते. बुधवारी भाचीचा साखरपुडा आहे, लवकर सांगा गं!