अण्णांनी दुसरा बार ओट्यावरून काढला. आता पुढे काय?

धाकटी_लेक

सोलापूर जिल्ह्यात आमची वस्ती आहे, गावापासून बरीच आत, ऊस आणि द्राक्षबागेच्या मधे. तालुका मुद्दाम सांगत नाही. अण्णा ६९ वर्षांचे, आई ६४. दोघंच असतात. अण्णांकडे १२ बोअरची सिंगल बारी आहे. आजोबांच्या मागे ती त्यांच्या नावावर झाली, परवान्याचं नूतनीकरण कधी चुकलं नाही. दसऱ्याला तिची पूजा होते, एवढाच आजवर उपयोग.

मागच्या महिन्यात रात्री दोनच्या सुमारास चौघं आले. कटावणीने मागचं दार उचकटलं. एकाने आईच्या मानेला कोयता लावून मंगळसूत्र आणि बोरमाळ ओढली. अण्णा माजघरातून बंदूक घेऊन आले आणि पहिला बार काढला, तो वर पत्र्यात गेला. चौघं पळाले. अण्णांनी पुन्हा काडतूस भरलं, ओट्यावर आले आणि दुसरा बार काढला. एकाच्या मांडीला आणि पोटरीला छर्रे लागले, तो गोठ्यापाशी पडला. बाकीचे उसात घुसले. ११२ ला फोन अण्णांनीच केला.

पोलिसांनी आमची फिर्याद घेतली. बंदूक, उरलेली काडतुसं, परवाना सगळं जप्त केलं. नंतर कळलं की जखमी माणसाने सिव्हिलमधून जबाब दिलाय, "आम्ही पाणी मागायला गेलो होतो, म्हाताऱ्याने गोळी घातली." त्यावरून अण्णांवर कलम १०९, खुनाचा प्रयत्न. अटक केलेली नाही, नोटीस आली आहे.

आमचे दाजी म्हणतात, दुसरा बारसुद्धा घरातच काढला असं सांगा, म्हणजे प्रश्न मिटला. गावात सत्काराचं चाललंय. एक यूट्यूब चॅनेलवाला येऊन अण्णांची मुलाखतही घेऊन गेला. अण्णा मात्र ताटावरून अर्धवट उठतात, कुणाशी धड बोलत नाहीत. त्यांना जेल होईल का? आणि जबाबात सांगायचं काय?

रांगडा_गडी

मुजरा अण्णांना! असल्यांना हीच भाषा कळते. ताई, घाबरू नका, स्वसंरक्षण आहे, काही होत नाही.

जुना_फौजदार

"काही होत नाही" म्हणणाऱ्याला तारखेला उभं राहायचं नसतं. ताई, मी खात्यातून निवृत्त झालो, तपासी अंमलदार म्हणून असली प्रकरणं हाताळली आहेत. नीट वाचा.

आधी दाजींना आवरा. तुमची बंदूक सिंगल बारी आहे. म्हणजे पहिल्या बारानंतर ती मोडायची, रिकामी पुंगळी काढायची, नवं काडतूस घालायचं. ती पहिली पुंगळी जिथे पडली तिथून पंचनाम्यात उचललेली असणार आणि दुसरी नळीतच सापडलेली असणार. पत्र्याला पडलेली भोकं मोजलेली असणार. जखमीच्या अंगावर छर्रे मागून शिरलेत की पुढून, हे डॉक्टरने लिहिलेलं असतं. अंतर वाढेल तसे छर्रे पसरतात. अगदी जवळून बार लागला तर जखमेभोवती काजळी आणि दारूचे कण दिसतात, लांबून लागला तर दिसत नाहीत. बंदूक आणि पुंगळ्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातील. तिथला अहवाल आला की "घरातच काढला" ही गोष्ट एका पानात कोसळेल, आणि तिच्याबरोबर अण्णांच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास जाईल. बार ओट्यावरून काढला, तर ओट्यावरून काढला असंच सांगायचं.

सरकारी वकील काय म्हणेल तेही ऐकून ठेवा. पहिल्या बाराबद्दल तो फार बोलणार नाही. रात्री दार फोडून आत आलेला, हातात कोयता, म्हाताऱ्या बाईची मान. तिथे कोणताही न्यायाधीश अण्णांच्या बाजूने बघेल. तो धरून बसेल दुसऱ्या बाराला. "भरायला वेळ मिळाला, म्हणजे विचार करायला वेळ मिळाला. ते पाठ फिरवून पळत होते, मग भीती कसली?" सगळा खटला या एका वाक्याभोवती फिरेल.

यूट्यूबवाल्याला अण्णा नेमकं काय बोलले? पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, पत्रकारापुढे बोललेलं मात्र वापरता येतं. सत्कारही आत्ता नको. हार घातलेला फोटो दोषारोपपत्राला जोडलेला मी पाहिलाय.

आणि आईंच्या मानेवर कोयत्याचा ओरखडा आहे का? असला तर सरकारी दवाखान्यात दाखवला का? लोक गोळी लागलेल्याच्याच जखमेबद्दल बोलत बसतात.

धाकटी_लेक

काका, खूप आभार. व्हिडिओ आत्ताच पुन्हा पाहिला. अण्णा म्हणतात, "परत आले तर पाय ठेवू देणार नाही." चॅनेलवाल्याने वर शीर्षक दिलंय "म्हाताऱ्याने उडवला दरोडेखोर." आईच्या मानेवर लांब ओरखडा होता. ती दवाखान्यात गेली नाही, घरात माणसं आलेली म्हणून राहून गेलं. पण भाचीने दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईलवर फोटो काढले होते.

काळा_कोट

सोलापूर नाही, पण शेजारच्याच जिल्ह्यात सत्र न्यायालयात काम करतो.

फोटो ज्या मोबाईलमध्ये आहेत तो मोबाईल विकू, बदलू नका, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवलेले चालवून नेऊ नका. कोर्टात देताना नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागेल. आईंना अजूनही दवाखान्यात न्या, व्रण राहिला असेल तर नोंद होईल.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. खाजगी संरक्षणाचा हक्क आता कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, आधी दंडविधानात ९६ ते १०६ होता. मजकूर बराचसा तोच. कलम ४१ म्हणतं की जबरी चोरी होत असेल किंवा सूर्यास्तानंतर सूर्योदयापूर्वी घर फोडलं जात असेल तर मालमत्तेच्या रक्षणासाठी प्रसंगी समोरच्याचा जीव गेला तरी हक्कात बसतं. कलम ३७ लगाम घालतं: गरजेपेक्षा जास्त इजा नाही. कलम ४३ सांगतं की हक्क कधी संपतो. जबरी चोरीत तात्काळ मृत्यूची, इजेची किंवा अडवलं जाण्याची भीती आहे तोवर. फौजदारसाहेब म्हणतात तो पेच हाच.

पण त्याच कलमात चोरीसाठी वेगळी ओळ आहे. चोर माल घेऊन निसटून जाईपर्यंत, किंवा माल परत मिळेपर्यंत, किंवा सरकारी मदत मिळेपर्यंत हक्क चालू राहतो. तेवढ्या हक्कात जीव घेता येत नाही, पण त्याहून कमी इजा कलम ४२ मध्ये बसू शकते. म्हणून माझा प्रश्न एकच: पडलेल्या माणसाकडे दागिने सापडले का?

दुसरं, हक्क होता हे दाखवायचं ओझं आरोपीवर असतं, साक्ष अधिनियमाचं कलम १०८. मात्र ते संशयापलीकडे सिद्ध करावं लागत नाही, शक्यता आपल्या बाजूला झुकली तरी पुरतं. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात घटना १९९१ ची, गोळी परवान्याच्या बंदुकीची. खालच्या कोर्टाने सोडलं, उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पुन्हा निर्दोष सोडलं. हल्ला होत असताना माणसाने गणित मांडून पायरीपायरीने बचाव करावा ही अपेक्षा अवास्तव आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. १९९१ ते २०१० हा हिशेबही लक्षात ठेवा. निकाल बाजूने लागला तरी मधली वर्षं कोणी परत देत नाही.

सराफ_कट्टा

आमच्या पेढीवर असाच प्रसंग झाला होता, मारामारीत रिव्हॉल्व्हर झाडावं लागलं. जेलची भीती होती तेवढं काही झालं नाही, पण बाकीचं सोसावं लागलं. हत्यार मुद्देमाल म्हणून अडकून पडलं. परवाना का रद्द करू नये अशी नोटीस आली, शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ खाली. नोटिसीला वेळेत लेखी उत्तर द्या, गप्प बसू नका. जिल्हाधिकाऱ्यांनी रद्द केलाच तर कलम १८ खाली विभागीय आयुक्तांकडे अपील आहे, तुमच्याकरता म्हणजे पुण्याला. नुसता गुन्हा दाखल आहे म्हणून परवाना रद्द करता येत नाही, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाचे निकाल आहेत, आमच्या वकिलांनी तेच जोडले होते.

रात्री झोप लागत नाही, आवाज झाला की दचकायला होतं. अण्णांशी बंदुकीचा विषय सोडून बोलत जा. द्राक्षांची छाटणी, पाऊस, काहीही.

धाकटी_लेक

वकीलसाहेब, दागिने सापडले! बोरमाळ त्याच्या पँटच्या खिशात होती. पोलिसांनी तिथेच पंचांसमोर काढली, एका हवालदाराने मोबाईलवर शूटिंगही केलं. मंगळसूत्र मात्र दुसऱ्याबरोबर गेलं. हे इतकं महत्त्वाचं असेल असं आम्हाला वाटलंच नव्हतं, आई तर फक्त मंगळसूत्राचंच बोलत होती.

जुना_फौजदार

पाणी मागायला आलेल्याच्या खिशात बोरमाळ. घ्या!

काळा_कोट

नोटीस आली म्हणजे अटक होणारच नाही असं नाही. नोटिसीच्या तारखेला हजर राहायचंच, पण त्याआधी सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाका, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८२. अर्जात बोरमाळीच्या जप्तीचा उल्लेख तारीख-वेळेसह करा आणि शूटिंग झाल्याचंही लिहा. न्यायाधीश तपासाचे कागद मागवतात, तेव्हा तो पंचनामा आपोआप समोर येतो. तुमच्या फिर्यादीची प्रत तुम्हाला फुकट मिळते, ती जोडा. आणि दोन्ही गुन्हे एकाच घटनेचे आहेत, तेव्हा दोन्ही खटले एकाच न्यायाधीशासमोर पाठोपाठ चालावेत, असा अर्ज पुढे वेळ आली की द्यायला सांगा. वेगवेगळ्या कोर्टात गेले तर एकीकडे अण्णा फिर्यादी आणि दुसरीकडे आरोपी, आणि निकाल दोन तऱ्हेचे.

व्हिडिओ काढून टाकायला चॅनेलवाल्याच्या मागे लागू नका, पुरावा नष्ट करताय असं दिसेल. पूर्ण मुलाखतीची एक प्रत मात्र जपून ठेवा. "पाय ठेवू देणार नाही" आणि "उडवला" यांत फरक आहे, तो कोर्टाला दाखवता येईल.

धाकटी_लेक

सोमवारी वकील गाठतोय. दाजींना हा धागा वाचायला दिला, ते म्हणाले, "बरं, बरं."